घाई कामाची की आपली?

काही वर्षांपूर्वी एका महत्त्वाच्या अर्जाची मुदत ३१ तारखेच्या मध्यरात्री संपणार होती. ३० तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास ते सूचनापत्र माझ्या नजरेस पडले आणि त्यातला ‘मध्यरात्र’ हा एकच शब्द डोक्यात शिरला. पुढचा दीड तास मी दम न घेता काम केले. रकाने भरले, कागदपत्रे शोधली, एकामागून एक जोडली आणि ११ वाजून ५२ मिनिटांनी अर्ज दाखल केला. सकाळी शांतपणे पाहिले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. मुदत संपायला अजून पूर्ण दिवस शिल्लक होता, आणि जोडलेले प्रमाणपत्र आदल्या वर्षीचे होते. एकदा दाखल केलेला अर्ज दुरुस्त करण्याची सोय नव्हती, त्यामुळे तो बाद झाला. त्या रात्री मी मेहनतीत कोणतीही कसूर केली नव्हती. सूचनापत्रातली ती एक ओळ दुसऱ्यांदा वाचायची राहिली होती, आणि त्याला दहा सेकंद लागली असती.

मुदत ही बाहेरची वस्तुस्थिती असते. ती कागदावर लिहिलेली असते, तिला तारीख असते, वेळ असते आणि ती कुणालाही तपासता येते. धांदल मात्र आपल्या अंगात असते. दोन्हींना आपण ‘घाई’ हा एकच शब्द वापरतो, आणि त्यामुळे अंगातली धांदल हा कामाचाच गुण आहे असे धरून चालतो. या लेखात सांगितलेली सगळी पद्धत हे दोन धागे वेगळे करण्यावर उभी आहे. ते वेगळे झाले की मन आपोआप निवळायला लागते, आणि निवळलेल्या मनाने केलेले काम बहुतेक वेळा कमी श्रमात आणि कमी वेळात होते. मन शांत होणे हे काम संपल्यावर मिळणारे बक्षीस आहे, ही समजूत आधी सोडावी लागते. काम हाती घेण्यापूर्वी हत्यार पाजळून घ्यावे, तसे मन आधी निवळून घ्यायचे असते.

धांदलीत नेमके काय बिघडते

धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो, स्नायू ताठरतात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास ‘लढा किंवा पळा’ या स्वरूपात मांडलेली हीच ती प्रतिक्रिया. ती जीव वाचवण्यासाठी आहे आणि त्या कामी उत्तम आहे. अडचण अशी की अंगावर धावून येणारे जनावर आणि पडद्यावर आलेला ‘तातडीचे’ असे लिहिलेला निरोप यांत शरीर फारसा फरक करत नाही.

याच वेळी, कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा जो भाग दोन-तीन गोष्टी एकदम ध्यानात ठेवतो, त्यांची तुलना करतो आणि चुकीचा हात आवरतो, त्याची पकड तीव्र ताणाखाली ढिली पडते. कारभार सवयींच्या ताब्यात जातो. म्हणून धांदलीत नेहमीची, घोटलेली कामे झपाट्याने होतात. पण नवे वाचणे, पर्याय तोलणे, चूक हेरणे ही कामे बिघडतात. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत याची एक जुनी झलक दिसते. सोपा भेद ओळखायला शिकताना विजेचा झटका जितका तीव्र तितके उंदीर लवकर शिकले, पण भेद अवघड केल्यावर तीव्र झटक्याने त्यांचे शिकणे मंदावले. माणसाचे मन उंदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे, तरी आपल्या रोजच्या अनुभवाशी हे जुळते: धावत गाडी पकडायची असेल तर घाई कामी येते, करारनामा वाचायचा असेल तर नाही.

याचे एक अतिशय वेदनादायक उदाहरण ८ जानेवारी १९८९ चे आहे. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते उड्डाणानंतर थोड्याच वेळात तुटले. विमान जोरात थरथरू लागले, जळका वास आत आला. वैमानिकांनी अवघ्या काही सेकंदांत बिघाड उजव्या इंजिनात असल्याचे ठरवले आणि त्याची शक्ती कमी केली. योगायोगाने त्याच वेळी थरथर आणि धूर कमी झाला, त्यामुळे आपला निर्णय बरोबर असल्याची त्यांची खात्री पटली आणि त्यांनी चांगले चाललेले उजवे इंजिन बंद करून टाकले. डाव्या इंजिनाची वाढलेली थरथर दाखवणारा काटा समोरच्या फलकावर होता. विमानाच्या डाव्या बाजूला ज्वाळा पाहिलेले प्रवासीही होते. धावपट्टीच्या अलीकडे, इंग्लंडमधील केगवर्थ गावाजवळ, विमान कोसळले आणि १२६ पैकी ४७ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकांनी घाईने, प्रशिक्षणाच्या विरुद्ध आणि फलकावरील माहिती नीट न घेता प्रतिक्रिया दिली, असे चौकशी अहवालात नोंदवले गेले. ती माणसे अनुभवी होती. हे उदाहरण त्यांना दोष देण्यासाठी सांगितलेले नाही. अनुभव असलेल्या, जबाबदार माणसाचीही नजर धांदलीत समोरच्या काट्यावरून निसटू शकते, एवढे त्यातून घ्यावे.

‘पण खरोखरच तातडी असेल तर?’ हा प्रश्न इथे कुणीही विचारेल. त्याचे उत्तर प्रथमोपचारात मिळते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना प्रत्येक सेकंद मोलाचा असतो, तरीही शिकवली जाणारी गती मिनिटाला १०० ते १२० दाब अशी ठरलेली आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जावी आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, कारण वर येतानाच हृदयात रक्त भरते. घाबरून याहून वेगाने दाबत गेल्यास खोली कमी पडते आणि छातीला वर यायला अवसर मिळत नाही. म्हणजे हात अधिक चालतात आणि रक्त कमी पोहोचते. सुरुवात ताबडतोब करायची, पण केल्यावर लय सोडायची नाही. खऱ्या तातडीला एवढाच नियम पुरतो.

पहिली पायरी: घाई अंगात कुठे बसते ते ओळखा

मनात घाई आहे हे कळण्यापूर्वी ती शरीरात उमटलेली असते, आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते. कुणाचा जबडा आवळला जातो, कुणाचे खांदे कानांकडे चढतात, कुणाच्या पोटात खड्डा पडतो, कुणी श्वास अर्धवट घेतो. माझ्या बाबतीत उजव्या हाताची बोटे आधी बोलतात. टंकलेखन करताना कळा नेहमीपेक्षा जोरात आपटल्या जाऊ लागतात आणि तो आवाज ऐकू आला की मला कळते, काहीतरी बिनसले आहे.

तुमची खूण शोधण्यासाठी तीन-चार दिवस एक छोटी नोंद ठेवा. दिवसात जेव्हा जेव्हा ‘आत्ताच्या आत्ता’ असे वाटेल, तेव्हा वेळ, समोरचे काम आणि शरीरातली जागा या तीन गोष्टी एका ओळीत लिहा. ‘सकाळी १०.२०, साहेबांचा निरोप, मान ताठ’ एवढे पुरे. त्या क्षणी काही बदलण्याचा प्रयत्न करू नका, फक्त लिहा. चौथ्या दिवशी नोंदी एकत्र वाचल्या की एक-दोन खुणा पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या खुणेपासून सुरू होतात, म्हणून इथे कंटाळा करू नये.

शरीराबरोबर मनातल्या वाक्यांचीही खूण असते. ‘एवढे उरकून टाकू’, ‘आता वाचत बसायला वेळ नाही’, ‘काहीतरी करायलाच हवे’ ही वाक्ये घाईची आहेत. यांतले तिसरे वाक्य सर्वांत फसवे. फुटबॉलमधल्या २८६ पेनल्टी किक तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की गोलरक्षक जवळजवळ प्रत्येक वेळी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतात आणि जागेवर फक्त ६.३ टक्के वेळा थांबतात. प्रत्यक्षात मध्ये थांबण्याने चेंडू अडण्याची शक्यता सर्वाधिक होती. झेप घेऊन गोल झाला तर निदान प्रयत्न केल्यासारखे दिसते, थांबून गोल झाला तर हात बांधून उभे राहिल्यासारखे वाटते. आपल्या कितीतरी धडपडीमागे हेच दडलेले असते.

दुसरी पायरी: उच्छ्वास लांबवा

खूण जाणवली की सर्वप्रथम हात थांबवा. लेखणी खाली ठेवा, कळफलकावरून बोटे उचला, उघडलेले तोंड मिटा. मनाला ‘शांत हो’ असे सांगून ते शांत होत नाही. शरीरातून जाणे अधिक खात्रीचे आहे, आणि शरीरात आपल्या हुकमाखाली असलेला सर्वांत जवळचा दरवाजा श्वासाचा आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना किंचित मंदावतात. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवला की शरीराचा कल निवळण्याकडे झुकतो.

मोजमाप सोपे आहे. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. आकडा साधारण एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात आणि दोन मिनिटांत बारा. बारा पुरे. पाय जमिनीला टेकलेले असू द्या आणि उच्छ्वासाबरोबर पहिल्या पायरीत सापडलेली जागा, जबडा असो की खांदे, सैल सोडा. ती जागा सैल होत नसेल तर आधी पाच सेकंद मुद्दाम आणखी आवळा आणि मग एकदम सोडा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीत या आवळण्या-सोडण्यावरच भर आहे, कारण ताण म्हणजे काय हे जाणवल्याशिवाय तो सोडता येत नाही.

इथे दोन सूचना आवश्यक आहेत. ज्यांना दमा किंवा श्वसनाचा इतर त्रास आहे, त्यांनी आकड्यांचा हट्ट धरू नये आणि श्वास रोखून धरू नये; सहज जमेल तेवढाच उच्छ्वास लांबवावा. आणि श्वासाची ही क्रिया स्वतःच एक नवी कामगिरी होऊ देऊ नये. ‘अजून कसा शांत होत नाही’ अशी चिडचिड सुरू झाली तर मोजणे सोडून खिडकीबाहेर दूरवर पाहणे अधिक बरे. मोठा धक्का बसला असेल तर दोन मिनिटे पुरणार नाहीत. ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक ताण सुरू झाल्यानंतर वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर असते. तेव्हा कठोर शब्द ऐकल्यानंतर किंवा वाईट बातमी कळल्यानंतरचा पहिला अर्धा तास महत्त्वाच्या उत्तरासाठी वापरू नये, हा माझा पक्का नियम आहे.

तिसरी पायरी: चार प्रश्न, तेही लिहून

श्वास निवळला की घाई कामाची आहे की आपली, हे तपासायचे. हे डोक्यातल्या डोक्यात करू नका. धांदलीतले मन स्वतःच प्रश्न विचारते आणि स्वतःच हवे ते उत्तर देते. कागदावर लिहिलेले उत्तर मात्र डोळ्यांना दिसते, आणि चुकीचे असेल तर खटकते.

पहिला प्रश्न: मुदत नेमकी कोणती, आणि ती कुणी, कुठे सांगितली आहे? ‘लवकर’ हे उत्तर चालणार नाही. तारीख आणि वेळ लिहा, आणि मूळ मजकूर पुन्हा वाचा. माझा अर्ज या एका प्रश्नाने बाद होण्यापासून बचावला असता. दुसरा: हे एका तासाने केले तर काय बिघडेल, आणि उद्या केले तर काय? तिसरा: हे पाऊल उचलल्यावर मागे घेता येईल का? चौथा: मला जे माहीत आहे असे वाटते, त्यातले प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि गृहीत धरलेले किती?

या चारांत तिसऱ्या प्रश्नावर अधिक वेळ द्यावा. मागे घेता येणारी पावले झटपट उचलायला हरकत नाही. खोलीतले टेबल कुठे ठेवायचे यावर रात्र घालवणे हाही वेळेचा अपव्ययच आहे. परंतु पाठवलेले पत्र, दिलेली सही, दिलेला राजीनामा, तोडलेला संबंध, वळती केलेली रक्कम या गोष्टी परत घेता येत नाहीत किंवा फार मोठी किंमत मोजून घ्याव्या लागतात. अशा बाबतीत घाईचे कारण कितीही सबळ वाटले तरी पहिल्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे करू नये. पैसे उकळणारे भामटे नेमकी हीच फट शोधतात. ‘पुढच्या दहा मिनिटांत केले नाही तर खाते बंद होईल’ असे सांगून ते माणसाला दुसरा प्रश्न विचारण्याची उसंतच देत नाहीत. अनोळखी व्यक्तीने लादलेली तातडी हेच थांबण्याचे कारण समजावे.

घाईची ओढ किती खोल असते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांतून दिसले. एका कामाचा मोबदला कमी पण मुदत जवळची, दुसऱ्याचा जास्त पण मुदत लांबची, अशी निवड दिल्यावर अनेकांनी कमी मोबदल्याचे काम उचलले. मुदतीचे बंधन तिथे केवळ दिखाव्यापुरते होते, कारण दिलेल्या वेळेआधी दोन्ही कामे आरामात झाली असती. मोबदल्याकडे लक्ष वेधल्यावर ही ओढ कमी झाली. कागदावर ‘यातून मिळणार काय?’ हे लिहिल्याने हाच परिणाम साधतो.

चौथी पायरी: डोक्यातले ओझे कागदावर उतरवा

एखाद्या दिवशी घाई कुठल्याच एका कामाची नसते. दहा-बारा अर्धवट गोष्टी डोक्यात एकाच वेळी दार ठोठावत असतात. १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी असे मांडले की अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. पुढे २०११ च्या एका संशोधनात अधिक उपयोगाची गोष्ट आढळली. अपुऱ्या कामाचे विचार मध्ये मध्ये येणे थांबवण्यासाठी ते पूर्ण करणे आवश्यक नव्हते. ते कसे आणि केव्हा करायचे याची नेमकी योजना ठरवली तरी मन ते सोडून देत होते.

म्हणून कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटे डोक्यातले सगळे, क्रम न लावता, मोठे-छोटे न करता उतरवा. मग प्रत्येक ओळीपुढे पुढचे एकच दिसणारे कृत्य लिहा. ‘विम्याचे बघणे’ असे लिहिले तर ते पुन्हा रात्री जागवणार. ‘शुक्रवारी सकाळी अकराला विम्याचा कागद कपाटातून काढून त्यावरील शेवटची तारीख वाचणे’ असे लिहिले की मन त्यावरचा हात काढते. मी हा कागद रात्री झोपण्यापूर्वी लिहितो आणि दुसऱ्या खोलीत ठेवतो, उशाशी नाही.

पाचवी पायरी: एकच पाऊल, सैल हाताने

आता काम. त्या कागदावरची एकच ओळ निवडा आणि बाकीचा कागद उलटा ठेवा. मन स्वच्छ असेल तर पुढचे पाऊल सहसा साधे असते आणि ते दिसते. दिसत नसेल तर जोर लावू नका. न दिसणे हीही माहिती आहे: एक तर काहीतरी ठाऊक व्हायचे राहिले आहे आणि कुणाला तरी विचारायला हवे, किंवा तुम्ही थकलेले आहात आणि झोप हवी आहे, किंवा ते पाऊल फार मोठे धरले आहे आणि त्याचे दोन तुकडे करायला हवेत.

श्रम आणि ताण यांतला फरक पाहायचा असेल तर गुंतलेला दोरा हातात घेऊन पाहावा. दोन्ही टोके जोर लावून ओढली की गाठ आवळते, आणि जितका राग तितकी ती पक्की होते. गाठ सोडवणारा माणूस उलट करतो. तो दोरा आधी सगळीकडून सैल करतो, गाठ उजेडाकडे धरतो, कुठला पदर कशाखालून गेला आहे ते पाहतो आणि नखाने फक्त एक वळण उचलतो. त्याची बोटे सतत कामात असतात, तरी त्यांत ओढाताण नसते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन स्थिर आणि सुखकर असावे असे म्हटल्यानंतर लगेच पुढच्या सूत्रात ते साधण्याचा एक उपाय म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द येतो. प्रयत्न सोडून द्यावा असे त्यात म्हटलेले नाही, तो सैल करावा असे म्हटले आहे. कामाच्या बाबतीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

प्रत्यक्षात हे असे करावे. काम करताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा स्वतःकडे पाहा: या कामाला लागत नाही असा कोणता जोर मी लावतो आहे? लिहिताना लेखणी बोटांत रुतली आहे का, वाचताना भुवया ओढल्या आहेत का, गाडी चालवताना चाक आवळून धरले आहे का? जो जास्तीचा आहे तेवढाच सोडा. काम थांबवायचे नाही, वेग मुद्दाम कमी करायचा नाही. बहुतेक वेळा वेग आहे तसाच राहतो आणि चुका कमी होतात.

मध्येच दुसरीकडे जावे लागले तर उठण्यापूर्वी अर्धे मिनिट घेऊन दोन ओळी लिहा: आत्ता कुठे आहे, आणि परत आल्यावर पहिले काय करायचे. एका कामातून दुसऱ्यात जाताना लक्षाचा काही अंश मागच्या कामात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. तो अंश त्या दोन ओळींवर ठेवून जाता येते.

दुसऱ्याने आणलेली घाई

वरिष्ठ, ग्राहक, घरची माणसे यांची धांदल आपल्यात उतरायला एक वाक्य पुरते. तिला धांदलीनेच उत्तर दिले तर दोघांचीही वाढते, आणि ‘एवढी काय घाई आहे?’ असे विचारले तर समोरच्याला ते टाकून बोलल्यासारखे वाटते. अशा वेळी वेळेचा नेमका शब्द द्यावा. ‘मी हे वाचून चार वाजेपर्यंत तुम्हाला नक्की कळवतो’ या वाक्याने समोरच्याची अर्धी काळजी उतरते, कारण त्याला बहुतेक वेळा काम त्या क्षणी नको असते, ते कुणीतरी हाती घेतले आहे याची खात्री हवी असते. आणि चार म्हणजे चार. एकदा जरी हा शब्द मोडला, तरी पुढच्या वेळी त्याला तुमच्या मागे लागावेच लागेल.

रागाच्या किंवा अपमानाच्या उत्तराला वेगळी काळजी हवी. उत्तर अवश्य लिहा, पण पाठवण्याच्या जागेत लिहू नका. कोऱ्या कागदावर किंवा पत्ता न घातलेल्या मसुद्यात लिहा आणि एक झोप होऊ द्या. सकाळी तेच उत्तर मोठ्याने वाचा. माझ्या अनुभवात पहिला परिच्छेद जवळजवळ नेहमीच गळून पडतो आणि शेवटची दोन वाक्ये तेवढी कामाची उरतात.

ही टाळाटाळ तर नाही?

ही शंका रास्त आहे आणि ती अधूनमधून स्वतःला विचारत राहावी. शांतपणाच्या नावाखाली अवघड काम लांबवणे सोपे असते. ओळखण्याची कसोटी अशी: थांबून झाल्यावर काम अधिक स्पष्ट दिसते की अधिक धूसर? स्वच्छ मनाने थांबलेला माणूस बारा श्वासांनंतर कामाकडेच वळतो आणि त्याला पुन्हा केव्हा पाहायचे ती वेळ ठाऊक असते. टाळणाऱ्याकडे तशी वेळ नसते आणि कामाचा विषय निघाला की त्याच्या अंगातली तीच जुनी खूण पुन्हा उमटते. म्हणजे टाळाटाळ हीदेखील धांदलच असते, फक्त तोंड फिरवलेली. तिच्यावर उपाय तोच: पाऊल इतके लहान करा की ते पाच मिनिटांत पुरे होईल, आणि ते आजच करा.

स्वच्छ मन म्हणजे प्रसन्न मन असेही समजू नये. दुःखात, भीतीत, थकव्यातही समोरची गोष्ट आहे तशी दिसू शकते, आणि तेवढे पुरेसे असते. मात्र घाई कुठल्याही कारणाशिवाय आठवडेच्या आठवडे अंगात राहत असेल, झोप मोडत असेल, छातीत धडधड किंवा दुखणे होत असेल, तर ते श्वास मोजून निभावण्याचे काम नाही. डॉक्टरांना दाखवावे.

तातडीची तयारी निवांतपणी

जे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्यासाठी तपासणी यादी आधीच, मन निवांत असताना करून ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची अशी यादी आणली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती आणि शरीराच्या कुठल्या भागावर, इतके साधे प्रश्न त्यात आहेत. आठ देशांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे नोंदवले गेले. त्या डॉक्टरांना हे प्रश्न माहीत नव्हते असे नाही. धांदलीत माहीत असलेलीच गोष्ट निसटते, आणि यादी ती धरून ठेवते.

तुमची यादी पाच ते सात ओळींची असावी, त्याहून लांब यादी घाईत कुणी वाचत नाही. मी त्या बाद अर्जानंतर केलेल्या यादीची पहिली ओळ ‘मुदतीचे वाक्य मोठ्याने वाचणे’ अशी आहे आणि दुसरी ‘जोडलेला प्रत्येक कागद उघडून त्यावरील वर्ष पाहणे’ अशी. ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे आणि कुठलाही अर्ज भरताना मी ते दार उघडे ठेवतो.

सराव कुठून सुरू करावा

मोठ्या संकटात ही पद्धत पहिल्यांदा वापरायला गेलात तर ती आठवणारही नाही. सराव किरकोळ घाईत करायचा असतो: फोन वाजल्यावर उचलण्यापूर्वी एक लांब उच्छ्वास, कुलूप उघडत नसेल तेव्हा किल्ली काढून पुन्हा नीट घालणे, रांगेत उभे असताना खांदे पाहणे, निरोप पाठवण्यापूर्वी तो एकदा वाचणे. पहिल्या आठवड्यात यांतला एकच प्रसंग निवडा आणि दिवसातून तो जितक्या वेळा येईल तितक्या वेळा करा. दुसऱ्या आठवड्यात चार प्रश्नांचा कागद जोडा, रोज एकाच कामासाठी. तिसऱ्यापासून झोपण्यापूर्वी डोक्यातले सगळे उतरवण्याचा कागद.

मध्ये एखाद्या दिवशी तुम्ही घाईत काहीतरी बोलून जाल किंवा पाठवून बसाल. तेव्हा ते ताबडतोब सावरण्याचीही धांदल उडते आणि पहिल्या चुकीवर दुसरी बसते. तेव्हाही क्रम तोच ठेवा: हात थांबवा, बारा श्वास, मग काय झाले ते एका ओळीत लिहा, आणि ज्याच्याशी बोलायचे आहे त्याला दोनच वाक्यांत सांगा. काय चुकले, आणि ते केव्हापर्यंत दुरुस्त होईल.